वाळू अडकलेलं पिस्तूल

माझे वरचे समोरचे दोन दात खोटे आहेत. कसे पडले असं कुणी विचारलं, तर मी "दुसऱ्या महायुद्धात" असं सांगतो. समोरचा माझ्या वयाचा हिशेब करत बसतो, तोवर मी त्याच्या बशीतलं शेवटचं भजं उचललेलं असतं. पण गंमत अशी, की ही थाप नाही. ज्याने माझे दात पाडले ते पिस्तूल जर्मन सैन्याचं होतं, गोळी त्याच युद्धातली होती आणि ती झाडायची बरीचशी तयारी एका जर्मन शिपायाने करून ठेवली होती. उरलेलं काम मी केलं.

मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमध्ये खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. पुण्यात जन्मलेल्या माणसाला याचं वेगळं शिक्षण लागत नाही. माझं दुर्दैव एवढंच, की सापडलेली खोट दुरुस्त करावी असंही मला वाटतं, आणि तिथे शिक्षण लागतं. बिबवेवाडीच्या आमच्या घरातला मिक्सर मी दुरुस्त केला, तेव्हा तो झाकण नसतानाच सुरू झाला आणि माझ्या बोटाचं टोक खोबऱ्याच्या चटणीत गेलं. बायकोने चटणी टाकून दिली. खोबरं फुकट गेल्याबद्दल हळहळली. गीझर दुरुस्त केला, तेव्हा त्याने मला साबणासकट न्हाणीघराबाहेर फेकलं. तेव्हापासून घरात पान्हा शोधायला गेलं की पोळपाट सापडतो. पान्हे बायकोने कुठे लपवलेत ते मला अजून कळलेलं नाही.

अशा माणसाच्या नावावर पिस्तूल करायचं माझ्या सासऱ्यांच्या मनात आलं, यावरून त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता हे समजावं.

सासरे शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर ठेकेदाराची वाळू चिमटीत धरायची, बोटांनी चोळायची आणि "परत न्या" म्हणायचं, एवढंच बोलून त्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली. घरीही साधारण तेवढंच बोलतात. त्यांना एकच मुलगी, ती माझ्या वाट्याला आली. आणि त्यांच्या कपाटात, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते पिस्तूल. जाणकार त्याला ल्यूगर म्हणतात. सासरे त्याला "जर्मन" म्हणत. "कपाटातून जर्मनाला काढा", "जर्मनाला फूल वाहा". घरातल्या एखाद्या चिडक्या काकांबद्दल बोलावं तसं.

दिसायला इतकी देखणी वस्तू मी दुसरी पाहिली नाही. नळी बारीक आणि उघडी. मूठ अशी तिरकी, की हात उचलला तर नळी आपोआप समोरच्याच्या छातीकडे बघते. आपण बोट दाखवतो ना, तसं. पण खरी करामत त्याच्या पाठीवर आहे. तिथे एक पोलादी गुडघा आहे. आपला गुडघा ताठ असला की आपण पाठीवर पोतं घेऊनही उभे राहतो. पण मागून येऊन कुणी गुडघ्यामागच्या लवणीत हलकं ढकललं, की पोत्यासकट खाली. शाळेत ज्यांनी हे केलं नाही त्यांनी शाळा पाहिलीच नाही. या पिस्तुलाचं तत्त्व तेच. गोळी सुटते तेव्हा गुडघा ताठ असतो आणि स्फोटाचा सगळा धक्का अंगावर घेतो. मग नळी आणि गुडघा मिळून जरासे मागे सरकतात, मागच्या चढावर गुडघा आपटतो, वर मोडतो, रिकामं काडतूस बाहेर उडतं. मुठीतली स्प्रिंग त्याला पुन्हा ताठ करते, आणि ताठ होता होता तो नवं काडतूस नळीत ढकलतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

पण बाई देखणी आणि तब्येत नाजूक, अशातली गत. एकेक भाग दुसऱ्याशी इतका घट्ट बसवलेला, की मध्ये केस जाणार नाही. कारागिराने कानस घेऊन बसवलेले भाग. एकाचा दुसऱ्याला चालेलच असं नाही, म्हणून बारीकसारीक तुकड्यावरसुद्धा नंबर ठोकलेला. काडतूस जरा कमी जोराचं मिळालं की गुडघा अर्धवट मोडणार आणि रुसून बसणार. आणि मुख्य म्हणजे गुडघा वर मोडतो तेव्हा पिस्तुलाची पाठ उघडी पडते. आ वासून. अशा उघड्या तोंडाची वस्तू घेऊन जर्मन लोक गेले कुठे, तर आफ्रिकेच्या वाळवंटात. आमच्या कारखान्यात असं डिझाइन आलं असतं तर मी लाल शेरा मारून परत पाठवलं असतं. जर्मन सैन्यालाही ते पटलं होतं आणि त्यांनी साधं, स्वस्त, झाकल्या पाठीचं दुसरं पिस्तूल निवडलंही होतं. पण ते सगळ्या शिपायांपर्यंत पोचायच्या आत माझे आजेसासरे वाचले.

त्याची गोष्ट अशी. आजेसासरे, म्हणजे सासऱ्यांचे वडील, त्या युद्धात हवालदार होते. वाऱ्याने वाळू उडत होती, हातभर पुढचं दिसत नव्हतं, आणि ते आणि त्यांचा जोडीदार एका खंदकात उतरले नाहीत, कोसळले. खंदकात एक जर्मन होता. कोवळा पोरगा, नाकाची साल निघालेली. त्याने याच पिस्तुलातून पहिली गोळी घातली ती जोडीदाराच्या गळ्यात. गळा फुटला, मडकं फुटावं तसं रक्त आजेसासऱ्यांच्या तोंडावर आलं, आणि ते डोळे पुसेपर्यंत नळी त्यांच्या छातीकडे वळली होती. पोराने चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. पहिल्या गोळीनंतर गुडघा वर मोडला होता, उघड्या पाठीत वाळू गेली होती, आणि दुसरं काडतूस अर्धं नळीत ढकलून तो तसाच वाकडा अडकला होता. पोरगा चाप ओढत राहिला आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला. आजेसासऱ्यांनी बंदुकीचा दस्ता त्याच्या जबड्यावर घातला. मग पुन्हा. मग तो हलायचा थांबला तरी पुन्हा. दस्ता फुटला तेव्हा थांबले. नंतर त्याच्या मुठीतून पिस्तूल सोडवायला बोटं एकेक करून मोडावी लागली म्हणतात.

ही गोष्ट सासरे दर खंडेनवमीला सांगत. खंडेनवमी म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशीची हत्यारांची पूजा. कुणी पान्हा-पक्कड पुजतं, कुणी लॅपटॉपला हार घालतं. आमच्याकडे पाटावर लाल कापड, त्यावर जर्मन. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. लोक शस्त्राची पूजा करतात ती ते चालावं म्हणून. सासरे करत ती ते चाललं नाही म्हणून. त्या चार दाण्यांनी गुडघा अडवला नसता तर सासरे जन्मले नसते, माझी बायको जन्मली नसती, आणि मी आज कुणा दुसऱ्याच्या घरचा मिक्सर बिघडवत असतो.

म्हणून घराण्यात नियम एकच. त्याला तेल लावायचं नाही, पुसायचं नाही, उघडायचं नाही. अर्धं काडतूस तोंडात आणि गुडघा वाकडा, असंच ते युद्धातून आलं, कुणा गोऱ्या साहेबाच्या मेहेरबानीने परवाना मिळाला, आणि तसंच राहिलं. निवडणूक आली की सगळे परवानेवाले आपली हत्यारं पोलिसांत जमा करतात, तेव्हा सासरेही करत. तिथला शिपाई वाकड्या गुडघ्याकडे बघून "आजोबा, हे कशाला वागवताय?" म्हणे. सासरे म्हणत, "तुम्हाला काय त्रास?"

आता त्यांचं वय झालं होतं. परवाना वारसाच्या नावावर करा नाहीतर पिस्तूल सरकारजमा होईल, असं त्यांना सांगण्यात आलं. नऊ मिलिमीटरचं म्हणजे निषिद्ध बोअर, नळीचं सामान्यांना मनाई असलेलं माप, त्यामुळे परवानगी थेट दिल्लीची. बायकोने साफ नकार दिला. "घरात एक धोकादायक वस्तू आहे, तेवढी पुरे," असं म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. उरलो मी. सासऱ्यांनी मला समोर बसवलं.

"जावईबापू, मला एवढंच हवंय, की ते जसं आहे तसं राहावं. पोलिसांच्या कुठल्या मालखान्यात कुणी हातोड्याने ठोकू नये. जमेल?"

"जमेल की."

"हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"तुमचे हात मला ठाऊक आहेत म्हणून विचारतो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

अर्ज गेला आणि महिन्याभरात एक पोलीस चौकशीला येऊन गेला. जाताना म्हणाला, "साहेब येतील पुढच्या आठवड्यात, शस्त्र बघायला. चालू हाय ना?" सासरे देवघरात होते. मी म्हटलं, "म्हणजे, तसं..." तो म्हणाला, "भंगार असलं तर कोण कशाला नावावर करून दील?" आणि गेला.

नंतर कळलं की असा काही नियमच नाही; तो बिचारा आपला वाटलं ते बोलला होता. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. साहेब येणार, वाकडा गुडघा बघणार, भंगार म्हणणार, सासऱ्यांचं पिस्तूल जाणार. ते वाचवणं माझं कर्तव्य होतं. त्याहून खरं सांगायचं तर, तो वाकडा गुडघा इतकी वर्षं मला खुणावत होता. क्वालिटीवाल्याच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं एक अडकलेला भाग ठेवायचा आणि त्याला फुलं वाहायला लावायची, ही क्रूरता आहे. मी मोबाइलवर त्या पिस्तुलाचे सगळे व्हिडिओ बघून टाकले. पाठ झाले. व्हिडिओतली माणसं हसत हसत पिस्तूल खोलत होती. त्यांचं पिस्तूल रिकामं असतं, ही गोष्ट ते सुरुवातीलाच सांगतात. ती सुरुवात मी पुढे सरकवून टाकत होतो.

खंडेनवमीची सकाळ. बायको स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. सासऱ्यांनी जर्मनाला पाटावर ठेवलं आणि अंघोळीला गेले. सासऱ्यांची अंघोळ म्हणजे धरणाच्या पाण्याचं नियोजन. ती लवकर आटपत नाही. मी पिशवीतून गंज सोडवणाऱ्या तेलाचा डबा काढला. आतून बायकोने विचारलं, "फुस्स असा काय आवाज येतोय?"

"डास."

"डास फुस्स करत नाहीत."

"पेठेतले करतात."

तेल मुरेपर्यंत मी अक्षता निवडल्यासारखं केलं. मग लाटण्याने हलकेच ठोकलं. गुडघ्याच्या सांध्यातून तांबूस चिखल आला आणि त्यात पिवळट दाणे. चार-पाच असतील. मी काय केलं असेल? आपण चष्म्यावरची धूळ उडवतो तसं, फुऽऽ. दाणे गेले. ज्यांच्या जिवावर ते घराणं उभं होतं, ते दाणे मी फुंकून उडवले आणि वर पंखा चालू होता.

मग अंगठ्याने गुडघा दाबला. खट्ट! तो इतक्या झटक्याने ताठ झाला की अंगठ्याजवळची कातडी आत चिमटली. रक्ताची धार लागली. पण मला दुखलंच नाही. काय तो आवाज होता! इतक्या वर्षांची कुलपं उघडावीत तसा. मी पाटासमोर बसून रक्ताळल्या हाताने स्वतःची पाठ थोपटली असती, जमलं असतं तर.

इथे त्या पिस्तुलाच्या बाकीच्या खोडी सांगायला हव्यात, कारण त्या मला आधी ठाऊक असत्या तर मी आज ऊस खाऊ शकलो असतो. गुडघा ताठ झाला याचा अर्थ, अडकलेलं अर्धं काडतूस पूर्ण नळीत गेलं. मी मुठीतून गोळ्यांची पेटी खेचून काढली आणि समजलो, झालं, रिकामं झालं. पेटी निघाली तरी नळीतली गोळी नळीतच राहते. बऱ्याच पिस्तुलांना मागे घोडा असतो. तो मागे ओढलेला दिसला की माणूस सावध होतो. याला बाहेर घोडाच नाही, सगळं पोटात. नळीत गोळी असली की वरची एक पट्टी जराशी उचलली जाते आणि तिच्या बाजूला जर्मन भाषेत "भरलेलं" असं कोरलेलं आहे. पण त्या पट्टीवर इतक्या खंडेनवम्यांचं हळदकुंकू थापलेलं होतं, की तिथे कोरीव अक्षरं आहेत हेच मला पुढे पोलिसांनी सांगितलं. आणि सगळ्यात मोठी खोड अशी, की गोळी अडवून धरणारी पट्टी नळीच्या डाव्या अंगाला, उघड्यावर आहे. पिस्तूल खोललं, नुसती नळी आणि गुडघा हातात घेतला, मूठ नाही, चाप नाही, आणि त्या पट्टीवर बोट दाबलं, तरी गोळी सुटते.

मी खोललं. व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे खटका फिरवला, बाजूची झाकणी काढली, नळी आणि गुडघा पुढे सरकवून अलगद हातात घेतले. तेवढ्यात न्हाणीघराचं दार वाजलं. सासरे ओल्या पंचात, हातात पाण्याचा तांब्या, दारात उभे.

"अहो!"

मी आनंदाने वळलो. "बाबा, बघा, सुटला!" असं म्हणत मूल जत्रेतली पिपाणी दाखवतं तशी नळी त्यांच्यापुढे धरली. आणि घट्ट धरली. घट्ट धरताना बोट कुठे गेलं ते आता सगळ्यांना कळलं असेल.

मला आवाज ऐकू आला नाही; कानात एकदम कापूस भरल्यासारखं झालं. तोंडावर कुणीतरी घण घातला. पिस्तुलाची मूठ पाटावरच राहिली होती, अडवायला काही नव्हतं. नळी आणि गुडघा मिळून जे मागे आले ते थेट माझ्या दातांवर. जिभेवर दोन खडे लागले, ते माझेच दात होते. तांब्या फरशीवर गडगडत गेला. सासऱ्यांच्या पांढऱ्या पंचावर मांडीपाशी एक लाल ठिपका आला, रुपयाएवढा, मग बशीएवढा, मग पंचा नुसताच लाल. ते खाली बघत होते. अगदी शांतपणे, वाळू तपासतात तसे.

मग ते चालत आले. मांडीतून रक्त वाहत असताना ते दोन पावलं चालत आले, पाटावरचं पितळी ताम्हन उचललं आणि माझ्या डोक्यात घातलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा त्यांचा पाय दुमडला आणि ते माझ्यावरच कोसळले. बायको हातात पुरण लागलेली रवी घेऊन बाहेर आली तेव्हा झेंडूच्या फुलांत, अक्षतांत, रक्तात आणि तेलात आम्ही दोघे एकमेकांना मिठी मारून पडलेलो होतो.

रागात ती एकेरीवर येते. "काय केलंस?" मी तोंड उघडलं तर रक्ताची चूळ बाहेर आली. तिने पाटावरचं लाल कापड ओढलं, वडिलांच्या मांडीला करकचून बांधलं आणि तेच टोक पुसायला माझ्या तोंडावर फेकलं. "दाब. आणि बोलू नकोस. जन्मात एकदा तरी."

दारात खालच्या मजल्यावरचे शेजारी उभे होते. "दसऱ्याच्या आधीच फटाके? आपल्या सोसायटीत ठराव झालाय ना?"

सासरे फरशीवरून म्हणाले, "मग तक्रार लिहून द्या. आधी खुर्ची धरा."

आम्ही त्यांना खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. प्रत्येक वळणावर रक्त. शेजाऱ्यांचा पाय त्यावरून घसरला, तेव्हा खुर्ची भिंतीवर आपटली आणि सासऱ्यांच्या तोंडून अशी शिवी बाहेर पडली की ती त्यांना येते हेच बायकोला माहीत नव्हतं. रिक्षावाल्याने एकदा आमच्याकडे आणि एकदा आपल्या सीटकडे बघितलं, पण नेलं.

गोळी मांडीच्या मांसातून आरपार गेली होती आणि न्हाणीघराच्या दारात रुतली होती. हाड वाचलं, मोठी रक्तवाहिनी वाचली. "बोटभर आत असती तर," डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. माझ्या ओठाला टाके घातले. डोक्यातल्या ताम्हनाच्या खोकेबद्दल मी जिन्यात पडलो असं सांगितलं.

बंदुकीची जखम म्हणजे पोलीस येणारच. फौजदार आले तेव्हा सासरे पलंगावर पांढरेफटक पडले होते आणि मी कोपऱ्यात स्टुलावर. मला गजाआड जायची स्वप्नं पडायला लागली होती.

"आजोबा, गोळी कोणी झाडली?"

सासरे छताकडे बघत म्हणाले, "एका जर्मनाने. माझ्या वडिलांवर झाडली होती. पोचायला उशीर झाला."

"नीट सांगा."

"पूजा करताना उडाली. परवाना माझा, घर माझं, मांडी माझी."

फौजदारांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि यांच्या तोंडाला काय झालं?"

"त्यांचं तोंड आधीपासूनच तसं आहे."

फौजदार गेल्यावर मी पलंगाजवळ गेलो. माफी मागायची होती, पण ओठ सुजल्याने प, फ, ब, भ, म काहीच येत नव्हतं. 'माफी' हा शब्द पूर्ण बादच. सासऱ्यांनी पायाबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी विचारलं,

"वाळू कुठाय?"

मी फुंकर मारून दाखवली. टाक्यातून रक्त आलं.

"कुठे?"

मी वर बोट करून गोल फिरवलं. पंखा. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. ताम्हनाचे तडाखे मी सहन केले होते, पण ती पाठ मला सहन झाली नाही.

मी रिक्षा करून शनिवार पेठेत गेलो. पोलिसांनी पिस्तूल नेलं होतं, पंचनामा झाला होता, आणि मग कामवाल्या मावशींनी रक्त बघून रडत रडत अख्खी खोली फिनाइलने तीनदा धुतली होती. तरी मी मोबाइलचा दिवा लावून, पोटावर झोपून, पलंगाखाली, पाटाखाली, फरशीच्या सांध्यांत शोधलं. सापडल्या त्या अक्षता, आणि माझा एक दात.

आता इथे शहाणा माणूस थांबला असता. शेजारची इमारत पाडून नवी बांधत होते, तिथे वाळूचा ढीग होता. मी चिमूटभर उचलली, कागदाच्या पुडीत बांधली आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं द्यावं तशी सासऱ्यांच्या हातात ठेवली. "सापडली," असं शक्य तितकं स्पष्ट म्हणालो.

त्यांनी पुडी उघडली. चिमटीत धरली. बोटांनी चोळली. माझ्या तेव्हा लक्षात आलं, की मी वाळूचं सोंग घेऊन जगातल्या नेमक्या कोणत्या माणसापुढे उभा आहे.

"ही वाळूसुद्धा नाही," ते म्हणाले. "दगडाचा चुरा आहे. यंत्रातला. हल्ली खरी वाळू मिळते कुठे?" मग पुडी माझ्या हातात देऊन, "परत न्या."

पण ते बोलले. बायको म्हणते तेवढ्यासाठी तरी तो चुरा कामी आला.

पाय बरा व्हायला हिवाळा गेला. ते काठी घेऊन चालायला लागले. जिना उतरताना प्रत्येक पायरीला माझ्याकडे न बघता माझा खांदा धरत, आणि जरा जास्तच जोराने दाबत. चौकशी झाली, ताकीद मिळाली, परवाना स्थगित झाला. मग एक दिवस पोलिसांकडून बोलावणं आलं. अपघात म्हणून प्रकरण मिटत होतं. हवं असेल तर पुन्हा अर्ज करा, जावयाने शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं, पिस्तूल परत मिळेल. नको असेल तर कायमचं जमा करा.

मला वाटलं, सुटलो. प्रशिक्षण काय, मी शीर्षासन करून घेतलं असतं. वाटेत रिक्षात मी बडबडत होतो, की आता एकदा नावावर झालं की मी त्याला खरोखर हात लावणार नाही, कपाटाला दोन कुलपं करू, एक किल्ली तुमच्याकडे. सासरे बाहेर बघत होते.

तिथल्या शिपायाने ते टेबलावर आणून ठेवलं. पोलिसांच्या तज्ज्ञाने तपासून, पुसून, तेल देऊन, जोडून पाठवलेलं. हळदकुंकवाचा कण नाही. गुडघा ताठ, काळाभोर चकाकणारा. शिपायाने बोटाने तो वर मोडला आणि सोडला. खट्ट. अगदी लोण्यासारखा. त्याला मजा वाटली. त्याने पुन्हा केलं. खट्ट. सासऱ्यांचा हात काठीवर आवळला.

"उचला," मी हळूच म्हटलं. "बघा तरी."

त्यांनी उचललं. मूठ धरली. तिरक्या मुठीची ती करामत मी सांगितलीच आहे. हात उचलताक्षणी नळी समोर गेली, आणि समोर तो शिपाई होता. वाळवंटातल्या त्या पोराएवढाच असेल. तो हसत "ओ आजोबा!" म्हणत बाजूला झाला. सासऱ्यांनी पिस्तूल असं खाली ठेवलं की टेबलाची काच तडकली.

"बाबांनी एक पोर मारलं होतं," ते म्हणाले. कुणाला ते मला कळलं नाही. बहुधा कुणालाच नाही. "हे अडकलेलं होतं तोवर मी ते विसरू शकत होतो."

मग शिपायाला म्हणाले, "जमा करून घ्या."

शिपायाने कागद पुढे ओढला. "कायमचं? आणि अवस्था काय लिहू? चालू हाय का बंद?"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या मोठ्या खोलीत त्याचं उत्तर द्यायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

"चालू," मी म्हटलं.

"मग देताय कशाला?"

"म्हणूनच," सासरे म्हणाले, आणि सही करायला पेन मागितलं.